कुत्र्याला कोळी चावला असं वाटतंय? पहिले दोन तास असे काढा

*पत्र:* आम्ही वसमत तालुक्यात शेतातल्या आखाड्यावर राहतो. गेल्या आठवड्यात दिवेलागणीला आमचा मोती (गावठी, चार वर्षांचा, वजन १४ किलोच्या आसपास) कडब्याच्या गंजीत तोंड घालून उकरत होता. एकदम केकाटून मागं सरला. पाहिलं तर तळहाताएवढा केसाळ कोळी गंजीखाली शिरताना दिसला. अर्ध्या तासात मोतीचा वरचा ओठ आणि एका डोळ्याखालचा भाग सुजला. शेजारच्या काकांनी तंबाखू-चुना मळून लावला. घरात तापाच्या गोळ्या होत्या, त्यातली एक द्या असं दीर म्हणत होते, पण मी दिली नाही. सकाळपर्यंत सूज उतरली, मात्र ओठावर जखम झालीय आणि पाणी सुटतंय. जनावरांचा दवाखाना २२ किलोमीटरवर आहे. घरात मांजरही आहे, ती भिंतीवरचे कोळी मारून खाते. असं परत झालं तर घरी काय करायचं, काय नाही? कोळ्याचं विष उतरवायचं इंजेक्शन मिळतं का?

*उत्तर:*

ताई, नमस्कार.

तापाची गोळी दिली नाहीत, हे फार बरं केलंत. का, ते पुढं येईलच. आधी मोतीचा ओठ बघू, मग गंजीतल्या कोळ्याकडं वळू.

ओठावरची ती जखम विषानं झाली असण्यापेक्षा चुन्यानं झाली असण्याची शक्यता जास्त दिसते. खायचा चुना जबर दाहक असतो. पानाला जरा जास्त लागला तरी माणसाचं तोंड पोळतं, मग कुत्र्याच्या ओठावर, नाकावर, डोळ्याखालच्या पातळ कातडीवर तो तासभर बसला तर कातडी भाजणारच. असा भाजलेला भाग लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उघडतो. तंबाखूचं दुखणं वेगळं. कुत्रं ओठ चाटणार, निकोटिन पोटात जाणार आणि लाळ, उलटी, थरथर, छातीची धडधड सुरू होणार. विषारी प्राणी चावल्यावरही नेमकी हीच लक्षणं दिसतात. मग चावल्याचं कुठलं आणि लेपाचं कुठलं, हे डॉक्टरांनाही वेगळं काढता येत नाही. हळदीचा लेप इतका वाईट नाही, पण त्याच्या पिवळ्या थराखाली कातडी लाल होतेय की काळी पडतेय हे दिसायचं बंद होतं. पुन्हा असं कुणी लावलंच, तर वाळलेला थर आधी कोरड्या कापडानं झटका आणि मग १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा.

आता त्या ओठासाठी दिवसातून दोनदा सलाईननं धुवा. मेडिकलमध्ये मिळणारी साध्या सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली चालेल. नसेल तर एक लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवा. नंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसानं लावा, पाच मिनिटांनी सलाईननंच पुसून घ्या, कारण तो ते चाटणार. डोळ्याजवळ आयोडीन नको. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साईड यांतलं काहीही नको. त्यानं जंतू मरतात तशी नवी येणारी कातडीही मरते. दोन दिवसांत कडा कोरड्या पडल्या नाहीत, वास आला, पू दिसला किंवा माशा बसून अळ्या पडल्या, तर मोतीला दवाखान्यात न्या. अळ्यांवर फिनाईल ओतायची आपल्याकडं पद्धत आहे, ती घराबाहेर ठेवा. मांजराच्या बाबतीत तर फिनाईल आणि डेटॉल विषच.

आता कोळी. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या कोळ्यांना विष असतं, पण ते किड्यांना मारण्यापुरतं. १४ किलोच्या कुत्र्याच्या कातडीत दात रुतवून त्याला आजारी पाडतील असे फार थोडे. आकारावरून विषाचा अंदाज बांधता येत नाही. विधवा कोळी म्हणून जी जात ओळखली जाते, तिच्या मादीचं अंग जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं, काळं, गोल आणि अनेकदा लाल खुणेचं. पण तिचं विष मज्जातंतूंवर जातं आणि कोळ्यांमध्ये ते सगळ्यात त्रासदायक ठरतं. विंचवांचंही असंच. काळी इंगळी बघून माणूस घाबरतो, पण जास्त घातक असतो तो लहान चणीचा तांबडा विंचू.

तुम्ही पाहिलेला तळहाताएवढा कोळी दोनपैकी एक असावा. अंग चपटं, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, भिंतीवरून सुसाट पळणारा असेल तर तो झुरळं खाणारा घरकोळी. तो चावला तर दुखतं, थोडं सुजतं, संपलं. अंग जाड, पाय दणकट, सगळीकडं केस आणि चाल संथ असेल तर तो बिळात राहणारा मोठा कोळी, ज्याला टॅरँटुला म्हणतात. याच्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. ऑस्ट्रेलियातल्या या कुळातल्या कोळ्यांच्या चाव्यांच्या नोंदी २००३ साली प्रसिद्ध झाल्या. त्यात माणसांना फारसं काही झालं नव्हतं, पण चावलेली सातही कुत्री मेली, काही तर अर्ध्या ते दोन तासांत. त्या जाती आपल्याकडच्या नाहीत, त्यामुळं तो आकडा उचलून मोतीला लावायचा नाही. पण मोठा केसाळ कोळी कुत्र्याला चावला असा दाट संशय असेल, तर पहिले दोन तास त्याच्यावरून नजर हटवायची नाही. काळ्या पडलेल्या, खोल सडलेल्या जखमांचे जे फोटो मोबाईलवर फिरतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या एका तपकिरी कोळ्याच्या नावानं असतात. तो कोळी मराठवाड्यात नाही. आपल्याकडं जखम काळी पडली तर आधी जंतुसंसर्ग, चुना किंवा घोणस यांचा विचार करायचा.

आणि बाभळीवर, बोरीवर मळक्या कापडाच्या बोचक्यासारखी जाळी लोंबतात ना, त्यात शेकड्यानं एकत्र राहणारे कोळी कुत्र्या-मांजराच्या वाटेला जात नाहीत. ती जाळी जाळू नका.

खरा घोटाळा वेगळाच असतो. कोळी दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. कडब्याच्या गंजीत, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगात, विटांच्या थप्पीखाली कोळी असतो तसाच विंचू असतो, गांधीलमाशीचं पोळं असतं आणि उंदरामागं आलेला सापही असतो. मोती केकाटला आणि कोळी गंजीखाली शिरताना दिसला, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. सूज चेहऱ्यावर पटकन चढली, बाकी काही लक्षण आलं नाही आणि सकाळी उतरली, यावरून गांधीलमाशी, मधमाशी किंवा एखाद्या साध्या कोळ्याचा चावा असावा. नेमकं कोण, हे आता शोधायची गरज नाही. पुढच्या वेळीही कोण चावलं याच्या शोधात वेळ घालवू नका. कुत्र्याच्या अंगावर काय दिसतंय आणि किती वाजता दिसलं, हे लिहीत चला. दोन दातांच्या खुणा दिसल्या म्हणजे साप आणि एक दिसली म्हणजे विंचू, हे केसाळ कातडीवर चालत नाही. मण्यार चावलेल्या जागी तर कित्येकदा काहीच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिल्यांदा घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. कुत्र्याला जागेवर थांबवा, पळू देऊ नका, कारण हालचाल वाढली की विष अंगात लवकर पसरतं. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं. म्हणून तपासण्याआधी सुमारे तीन फूट लांब गॉजची किंवा मऊ सुती पट्टी घ्या, तोंडाभोवती, नाकाच्या मधोमध एक फास टाका, हनुवटीखाली आडवी करा आणि कानांमागं सुटेल अशी गाठ बांधा. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा चपट्या नाकाचा पग असेल तर असं बांधायचं नाही, श्वास कोंडतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. तोंड उघडं, लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, कुणी काही चावताना पाहिलेलं नाही आणि रेबीजची लस दिलेली नाही, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालायचाच नाही. ते कोळ्याचं नसून पिसाळल्याचंही असू शकतं. तुम्हाला ओरखडा उठला किंवा लाळ लागली तर जागा १५ मिनिटं साबणानं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

चावल्याची जागा सापडली तर भोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीनं कापा. साधा साबण आणि भरपूर पाणी, पाच मिनिटं. गांधीलमाशी काटा सोडत नाही, मधमाशी सोडते. काळा बारीक काटा दिसला तर नखानं किंवा जाड कागदाच्या कडेनं खरवडून लगेच काढा. मग थंड शेक. बर्फ कापडात गुंडाळा, १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा, असं तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी मरते आणि पुढं ती जखम विषाच्या नावावर खपते. आखाड्यावर बर्फ नसतो, तेव्हा माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचा दर पाच मिनिटांनी बदलला तरी काम भागतं. बॉलपेनानं सुजेच्या कडेवर रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. अर्ध्या तासानं सूज रेघेबाहेर गेली का, हे बघितलं की वाढ कळते. ते डॉक्टरांना फोनवर सांगता येतं.

दोरीनं आवळणं, ब्लेडनं चीर देणं, तोंडानं ओढणं, पोटॅशियम परमँगनेट भरणं यांतलं काही नको. आवळल्यानं विष एका जागी साचतं, पायाचं रक्त तुटतं आणि सोडल्याबरोबर सगळं एकदम अंगात जातं. चीर दिली आणि चावा घोणसचा निघाला तर रक्त थांबत नाही, कारण ते विष रक्त गोठू देत नाही. तूप पाजणं, दूध पाजणं, कडुनिंबाचा पाला खायला घालणं यातही धोका आहे. गिळायची ताकद गेलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते उतरतं. ओकारी करवू नका. आणि मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचं असेल तर ते दवाखान्यातून परत आल्यावर.

आता हिरड्या बघायला शिका. घरी करता येणाऱ्या तपासण्यांत एवढी कामाची दुसरी नाही. वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढरी, निळसर किंवा विटकरी असेल, तर थांबायची वेळ नाही. श्वास मोजण्यासाठी छाती १५ सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून चारनं गुणा. निवांत बसलेल्या कुत्र्याचे मिनिटाला १० ते ३० असतात, मांजराचे २० ते ३०. गुदद्वारात लावायचं साधं डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं तेल. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. सतत थरथरणाऱ्या जनावराचं तापमान उन्हाळ्यात बघता बघता १०५ च्या वर जातं, तेव्हा अंगावर पाणी मारत, पंख्याखाली ठेवत निघावं लागतं.

वेळेचा हिशोब साधारण असा. पहिल्या अर्ध्या तासात भीती असते ती ॲलर्जीची. चेहरा भराभर सुजणं, अंगावर गांधी उठणं, अचानक उलटी, रक्ताळ हगवण आणि मग कोसळणं. कुत्र्यात हे पोटापासून सुरू होतं, म्हणून लोकांना वाटतं काहीतरी खाल्लं. मांजरात श्वासापासून सुरू होतं. दोन्हीत डॉक्टरांकडचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, घरात त्याला पर्याय नाही. अर्धा तास ते आठ तास हा मज्जातंतूंवर जाणाऱ्या विषाचा काळ. विधवा कोळ्याच्या चाव्यात स्नायूंना पीळ पडतात, पोट फळीसारखं कडक होतं, जनावर एका जागी बसत नाही, रडतं. विंचवात लाळ, उलटी, फार वेगानं पडणारे ठोके आणि वाईट असेल तर तोंडाला फेस येऊन श्वास घरघरतो. मण्यारीत मागचे पाय आधी डगमगतात, पापण्या उतरतात, भुंकायचा आवाज बसतो आणि श्वास मंद होत जातो. हे सगळं फारसं दुखत नसताना होतं, म्हणूनच कळायला उशीर लागतो. घोणसात सूज थांबत नाही, चावल्या जागेतून किंवा नाकातून रक्त पाझरतं, लघवी तांबडी होते. तिसऱ्या दिवसानंतर जे बिघडतं ते बहुतेक जंतूंचं.

यांपैकी फक्त चेहऱ्याची सूज असेल, ती रेघेत राहिली असेल, जनावर पाणी पीत असेल, चालत असेल, हिरड्या गुलाबी असतील, तर घरी राहून बघता येतं. पहिले दोन तास सलग बसून आणि नंतर आठ तासांपर्यंत दर अर्ध्या तासानं. रात्री झोपलंय म्हणून सोडू नका, उठवून चालवून बघा. बाकी एकही लक्षण आलं तर निघा. मोतीच्या ओठावर होतं म्हणून निभावलं, जिभेला किंवा घशात चावा असता तर सूज श्वासनळीवर आली असती. तोंडाच्या आतला चावा, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि मांजर यांच्या बाबतीत लक्षणाची वाट बघायची नाही.

मांजराचं जरा सविस्तर सांगायला हवं. कोळी मारून खाते याची काळजी करू नका, पोटात गेलेलं कोळ्याचं विष पचून जातं. फार तर जरा लाळ गाळेल, पंजानं तोंड पुसेल. पालीचंही तेच, पाल विषारी नसते, तिची चव वाईट असते. पावसाळ्यात भेकाला तोंड लावलं तर मात्र लाळेची धार लागते. ओल्या फडक्यानं हिरड्या, जीभ पाच-दहा मिनिटं पुसत राहा, डोकं खाली झुकवून, म्हणजे पाणी घशात जाणार नाही. उलट्या, झटके किंवा डगमग दिसली तर दवाखाना. पण विधवा कोळ्याचा चावा मांजरांना कुत्र्यांपेक्षा कितीतरी जड जातो. जोरात कण्हणं, लाळ आणि नंतर पायांतली ताकद जाणं हा क्रम असतो.

मराठवाड्यात मांजर थरथरताना दिसलं की कोळ्याच्या आधी आणखी एका गोष्टीची विचारपूस करायची. फवारणी झालीय का? कपाशीवर, सोयाबीनवर मारलेलं औषध, पंपाचं सांडलेलं पाणी, रिकामी बाटली, किंवा कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं परमेथ्रिन, सायपरमेथ्रिनचं औषध मांजराच्या अंगाला लागलं, तर काही तासांत कानांची फडफड, सगळ्या अंगाची थरथर, झटके सुरू होतात. त्या जातीची औषधं मांजराचं यकृत मोडू शकत नाही. लाळ, अश्रू, पातळ हगवण आणि बुबुळाचा ठिपका सुईच्या टोकाएवढा बारीक, असं असेल तर फवारणीतल्या दुसऱ्या, ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या औषधाचा संशय घ्यायचा. त्यावर उतारा ठरलेला आहे आणि तो डॉक्टरांकडं असतो, म्हणून औषधाचा खोका किंवा निदान लेबलचा फोटो बरोबर न्या. अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून भांडी घासायच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवा.

आणि आता ती तापाची गोळी. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराला मारायला पुरते. ती मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या चॉकलेटी होतात, आणि यातली विचित्र गोष्ट म्हणजे चेहरा नि पंजे सुजतात. घरचे म्हणतात विष चढतंय आणि आणखी अर्धी गोळी देतात. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दिलं तर जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात. ॲलर्जीवरची साधी सेटिरिझिन कुत्र्यांना वापरतात, साधारण एका किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १० मिलिग्रॅमची एक. पण डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं तरच. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत सेटिरिझिनबरोबर पॅरासिटामॉल किंवा नाक मोकळं करणारं औषध असतं, ते चालत नाही. आणि सेटिरिझिन ॲलर्जीची सूज-खाज कमी करते, विषावर तिचा काही उपयोग नाही.

इंजेक्शनचं विचारलंत. आपल्याकडं तयार होणारी प्रतिविषं सापाची आणि विंचवाची. सापाचं जे एकत्रित प्रतिविष मिळतं ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, आणि कुत्र्यालाही तेच देतात. कोळ्याचं मिळत नाही. म्हणून कोळ्याच्या चाव्यात डॉक्टर जोरदार वेदनाशामक, स्नायू सैल करणारं औषध आणि शिरेतून सलाईन यांवर जनावर तगवतात. बहुतेक कुत्री त्यावर उठतात. घोणसचा संशय असेल तर डॉक्टरांना रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी करायला सांगा. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त, २० मिनिटं न हलवता, नंतर तिरकं करून बघायचं. पातळच राहिलं तर प्रतिविषाला उशीर नको. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे महाडला काम करणारे, पण मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी माणसांत दाखवून दिलं. जनावरांचे डॉक्टरही ते वापरतात. घरातल्या आजोबांच्या डबीतली गोळी मात्र मोतीला देऊ नका, रक्तदाब पडून तो तिथंच आडवा होईल.

२२ किलोमीटर ही तुमची खरी अडचण, तेव्हा तिची तयारी आजच करा. १९६२ हा पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. रोजच्या डॉक्टरांशिवाय परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय वसमतपासून फार लांब नाही, लातूरकडच्यांना उदगीरचं जवळ. निघण्याआधी फोन करून विचारा की सापाचं प्रतिविष आणि प्राणवायू आहे का. ते नसलेल्या ठिकाणी पोचून परत फिरणं म्हणजे दोन तास गेले. फोनवर पाच गोष्टी सांगा: वजन, चावल्याची वेळ, हिरड्यांचा रंग, मिनिटाचे श्वास, आणि काय लावलं किंवा पाजलं. शेवटची गोष्ट लाजेखातर लपवली जाते, तंबाखू-चुनाही सांगा.

मोटरसायकलवर मधे पोतं ठेवून कुत्र्याला आडवं धरायची पद्धत टाळा, पोट दाबलं की उलटी श्वासात जाते. वाकळ चार कोपऱ्यांनी धरून त्यावर उचला आणि जीप किंवा ऑटोत एका कुशीवर, मान सरळ, झोपवा. मांजर पोत्यात नको. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट, खाली फडकं, वर दुसरा क्रेट उलटा टाकून सुतळीनं बांधा. एप्रिल-मेच्या उन्हात पोत्यातलं मांजर विषानं मरायच्या आधी उष्म्यानं मरतं. कोळी किंवा विंचू मेलेला सापडला तर चिमट्यानं झाकणाच्या बाटलीत टाका. जिवंत असेल तर लांबून फोटो, पकडायला जाऊ नका. साप मारायचा तर नाहीच, त्यात वेळ जातो आणि दुसरा चावा माणसाला बसतो.

गंजीचं मात्र आवराच. मोतीची झोपायची जागा आणि कडब्याची गंज, सरपण, विटा यांत निदान दहा फूट अंतर ठेवा. त्याचं पोतं जमिनीवर टाकण्याऐवजी फूटभर उंच जुन्या बाजेवर टाका आणि रोज संध्याकाळी झटका. अंगणातला पांढरा लख्ख दिवा बदलून पिवळसर लावा. किडे कमी येतात, मग त्यांच्यामागं येणारे कोळी, पाली, विंचूही कमी. मांजर असलेल्या घरात कोळ्यांसाठी सायपरमेथ्रिन मारू नका. कोळी मरतील न मरतील, मांजर जाईल. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च बाजारात मिळतो. अंधारात भिंतीच्या कडेनं आणि गंजीच्या पायथ्याशी फिरवला की विंचू हिरवे चमकतात. कोळी आणि साप तसे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी साधा टॉर्च आणि गंज उपसताना हातात लांब काठीच हवी. मोतीला तेवढा वेळ बांधून ठेवा.